वकील फोन उचलत नाही: थांबायचं की बदलायचा?

गोव्यात फोंड्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि तिच्या वकिलांनी सात आठवडे फोन उचलला नव्हता. रोज रात्री ती मला विचारायची, "ताई, दुसरा वकील करू का?" रागाच्या भरात मी पहिल्या दिवशी हो म्हणाले. ते चुकलंच.

आधी बघायचं ते एवढंच: वकील नुसता फोन उचलत नाही, की तारखेलाही उभा राहत नाही? ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये दाव्याचा सीएनआर क्रमांक (कोर्ट प्रत्येक दाव्याला देतं तो ओळख क्रमांक) टाकला की मागच्या तारखांना काय झालं आणि पुढची कधी आहे, ते दिसतं. आम्ही पाहिलं तर मुदती समोरच्या बाजूने मागितल्या होत्या. वकील हजर होते. निम्मा राग तिथेच ओसरला.

वकील तारखा सांभाळत असेल, तर माझं मत थांबण्याकडे झुकतं, आणि गोव्यात तर जास्तच. इथला घटस्फोट हिंदू विवाह कायद्याने होत नाही. पोर्तुगीज काळातला 1910चा कायदा आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरली जाते, त्यामुळे घटस्फोटानंतर वाटणीचा प्रश्न येतोच. हे सगळं जाणणाऱ्या नव्या वकिलाला फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागते आणि त्याची फी वेगळी. साक्षीपुरावा सुरू झाला असेल, उलटतपासणी अर्धी राहिली असेल, तर बदल आणखी महाग पडतो.

थांबायचं म्हणजे गप्प बसायचं नाही. पत्र लिहायचं: दावा कुठल्या टप्प्यावर आहे, माझ्याकडून कुठले कागद हवेत, पुढच्या तारखेला काय होणार. पंधरा दिवसांत उत्तर मागायचं आणि पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे वीस मेसेज आणि हे एक पत्र यांत फार फरक पडतो.

तारखाच चुकत असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. दावा तुम्ही लावला असेल आणि तुमच्या बाजूने कोणीच हजर नसेल, तर तो गैरहजेरीत निकाली निघू शकतो. तो परत उभा करण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत आहे. तुम्ही प्रतिवादी असाल तर एकतर्फी, म्हणजे तुमचं न ऐकताच, हुकूमनामा होऊ शकतो.

बदलताना लोक एका गोष्टीला उगाच घाबरतात, ती म्हणजे जुन्या वकिलाची ना हरकत. ती मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नवा वकील कारण सांगून कोर्टाची परवानगी मागू शकतो. "आधी फी द्या, मग फाइल" असं ऐकावं लागलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल लक्षात ठेवा: थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीची वसुली त्याने वेगळ्या मार्गाने करावी. दुसऱ्या फीचा भार झेपत नसेल तर बायकांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची, पण तिने तुमचा दावा पुढे सरकत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता तर मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदच केला. खरोखर फसवणूक झाली असेल, पैसे घेऊन दावाच लावला नसेल, तर तक्रार जरूर करा. नुसत्या न उचललेल्या फोनसाठी मी करणार नाही.

बहिणीने पत्र पाठवलं. नवव्या दिवशी वकिलांच्या ज्युनियरचा फोन आला आणि तारखेच्या चार दिवस आधी भेट ठरली. वकील तिने बदलला नाही. पण त्याच आठवड्यात कोर्टात नकलांचा अर्ज टाकून सगळ्या कागदांचा स्वतःचा संच करून घेतला. आता प्रत्येक तारखेनंतर त्यात एक पान वाढतं, आणि रात्रीचे फोन थांबले आहेत.