यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या पायांसाठी दाबाचे मोजे: माप, उपयोग आणि मर्यादा

वडगाव भागात यंत्रमाग चालवणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंच्या डाव्या पोटरीवरील शिरा फुगल्या आहेत. डॉपलर तपासणीनंतर (ध्वनिलहरींनी शिरांतील रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी) डॉक्टरांनी तूर्त शस्त्रक्रिया न सुचवता दुसऱ्या श्रेणीचे, गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे लिहून दिले. ते बेळगावातील एका सर्जिकल साहित्याच्या दुकानातून घेतले. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोज्याच्या कापडापेक्षा शिरेच्या भिंतीत काय घडते याचीच चर्चा येथे अधिक होईल.

प्रथम दुकानाविषयी. आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा "अण्णा, सुजलेल्या पायाचं माप घेऊन उपयोग नाही, सकाळी लवकर या," असे सांगून दुकानदाराने विक्री चक्क दुसऱ्या दिवसावर ढकलली. सकाळी त्याने घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत रुंद भाग आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी टेपने मोजली. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात केवळ चपलेचा नंबर विचारून पाकीट पुढे करण्यात आले होते. अशा ठिकाणाहून हे मोजे मुळीच घेऊ नयेत. घोट्यापाशी सर्वाधिक आणि वर जाताना उतरत जाणारा दाब हाच या मोज्यांचा गाभा आहे आणि माप चुकले तर तोच हातचा जातो.

मागापाशी हालचाल न करता उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळील शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि रक्त परत खाली येऊ न देणाऱ्या शिरांतील झडपा शाबूत असल्यास हा दाब ३० च्या आसपास उतरतो. मागावरच्या कामगाराला चालणे कमी आणि उभे राहणे फार, त्यामुळे शिरेच्या भिंतीतील अनैच्छिक स्नायू तासन्तास ताणलेले राहतात. ताण बसताच आकुंचन पावण्याचा रक्तवाहिन्यांचा गुण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस यांनी १९०२ मध्ये नोंदवला. ताणामुळे स्नायूपेशीच्या पटलातील विद्युतस्थिती बदलते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी आखडते. लहान धमन्यांमध्ये हा प्रतिसाद जोरदार असतो, मोठ्या शिरांमध्ये मात्र तुलनेने दुबळा. ताण दीर्घकाळ टिकला तर पेशी आपले कामच बदलू लागतात: त्यांची आकुंचनाची यंत्रणा कमी होते, त्या वाढू लागतात आणि कोलॅजनसारखे तंतू तयार करू लागतात. उंदरांच्या महाशिरेवरील (हृदयाकडे रक्त नेणाऱ्या सर्वांत मोठ्या शिरेवरील) प्रयोगांत दीर्घ ताणानंतर भिंतीतील प्रथिने विरघळवणारी विकरे (एन्झाइम) वाढलेली आणि आकुंचन क्षीण झालेले आढळले आहे. भिंतीवरील ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो, म्हणून सैलावलेली शीर रुंदावते आणि रुंदावली म्हणून तिच्यावरचा ताण आणखी वाढतो.

मोजा हे चक्र बाहेरून अडवतो. दुसऱ्या श्रेणीत घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याचा दाब पडतो, म्हणजे उभे असताना भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातील फरक ९० वरून साधारण ६० पर्यंत येतो. बंधूंच्या पायातील संध्याकाळचे जडपण आणि घोट्याची सूज स्पष्टपणे कमी झाली आहे. फुगलेल्या शिरा मात्र मोजा काढताच पूर्वीसारख्याच दिसतात. बदललेली भिंत मोज्याने पूर्ववत होत नाही, त्यामुळे पाकिटावरील "व्हेरिकोजपासून (म्हणजे फुगलेल्या शिरांपासून) मुक्ती" अशा अर्थाचे शब्द मला सरळसरळ दिशाभूल करणारे वाटतात. हीच पायाची शीर बायपास शस्त्रक्रियेत हृदयाला जोडली की अचानक धमनीचा दाब सोसू लागते आणि तिची भिंत आतून जाड होत जाते. तेथेही बाहेरून जाळीचा आधार देऊन ताण आवरण्याचे प्रयत्न झाले आहेत, हे जाता जाता नमूद करतो.

वापरातील अडचणी खऱ्या आहेत. मोजा चढवणे कष्टाचे आहे, रबरी हातमोजे घातल्यास पकड बरी मिळते. वरची कड दुमडली तर तेथे आवळपट्टी होते आणि रक्त उलट अडते, म्हणून दिवसातून मधूनमधून ती पाहावी लागते. बेळगावच्या पावसाळ्यात धुतलेला जोड रात्रीत वाळत नाही आणि उन्हात किंवा चुलीजवळ वाळवला तर लवचीक धागे बिघडतात, तेव्हा दुसरा जोड घ्यावाच लागतो. नियमित वापरात सहा महिन्यांत दाब कमी होत असल्याने हा खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. मांडीपर्यंतचा प्रकार त्याच दुकानात महाग होता, शिवाय तो खाली घसरतो. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय तो घेऊ नये.

निपाणी पट्ट्यातील तंबाखूची सवय असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या वाचकांनी हे मोजे परस्पर विकत घेऊ नयेत. अशांच्या पायाच्या धमन्या अरुंद असण्याची शक्यता अधिक असते आणि तेथे बाहेरचा दाब रक्तपुरवठाच तोडू शकतो. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर आधी तपासून घ्यावे. आमच्या दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, पण याविषयी विचारले नाही, एवढी एक उणीव सोडल्यास दुकान उत्तम. पुढचा जोड बंधू तेथूनच, पायाचे नवे माप देऊन घेणार आहेत.