घोड्याचा मेरुद्रव: कमरेतून घ्यावा की मानेतून?
लटपटत चालणाऱ्या घोड्याचा मेरुद्रव (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासायचे ठरल्यावर तो नेमका कुठून काढावा, असा पेच एका घोडेमालकापुढे होता. कमरेतून काढताना घोडा गुंगीच्या औषधावर उभाच राहतो. मात्र सुई सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर लांब लागते आणि नमुन्यात रक्त मिसळण्याची शक्यता अधिक असते, ज्यामुळे प्रतिपिंडांची चाचणी फसवी ठरू शकते. मानेतून, म्हणजे कवटी आणि पहिला मणका यांमधून, काढताना सुमारे 9 सेंटिमीटरची सुई पुरते व नमुना बहुधा स्वच्छ मिळतो, पण त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. आणि आधीच तोल गेलेला घोडा भुलीतून उठताना पडून हाड मोडून घेऊ शकतो, हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. त्यामुळे फार लटपटणाऱ्या किंवा मागच्या पायांपुरतीच लक्षणे असलेल्या घोड्यासाठी कंबर बरी. मायलोग्राफीसाठी (मज्जारज्जूभोवती रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांसाठी) भूल द्यायचीच असेल, तर मान.