गेजचा काटा आणि नळीवरचा क्लॅम्प

माझ्या सात वर्षे जुन्या हॅचबॅक गाडीच्या एसीवर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मी १३,७०० रुपये घालवले, आणि मूळ बिघाड निघाला तो एका केबलच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप निसटण्याचा. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण ज्याने ते घेतले त्याला बिघाड नेमका कुठे आहे हे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते, हे जुलैत कळले तेव्हापासून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवावा असे वाटत होते.

मुलुंडहून अंधेरीला मी रोज जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जातो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या वेळी एसीतून कोमट हवा येऊ लागली. पंख्याचा जोर नेहमीसारखा होता, कॉम्प्रेसर चालू झाल्याचा ‘टक्’ आवाजही येत होता. तापमानाची निळ्या-लाल खुणांची गोल कळ मात्र अचानक फार हलकी फिरू लागली होती, जणू तिच्यामागे काही जोडलेलेच नाही. घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हा ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. मालकाने कळ दोनदा फिरवून पाहिली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “साहेब, त्याचं काही नाही. गॅस संपलाय.”

पुरावा म्हणून त्याने जे दाखवले ते आठवले की आजही स्वतःचाच राग येतो. शेजारी एक गाडी इंजिन बंद करून उभी होती. निळ्या नळीचे गेज, म्हणजे दाब मोजायचे उपकरण, तिला लावून त्याने काटा दाखवला, तो शंभराच्या आसपास होता. “ही काल भरली,” तो म्हणाला. मग माझ्या गाडीचे इंजिन आणि एसी चालू ठेवून तेच गेज लावले आणि काटा सदतीसवर येऊन थांबला. शंभर कुठे आणि सदतीस कुठे! मी मान डोलावली.

आता समजते ते असे. एसी बंद असताना नळ्यांमधला दाब दोन्ही बाजूंना सारखाच होतो आणि तो बाहेरच्या तापमानावर ठरतो. गाड्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या आर-१३४ए या गॅसचा मुंबईच्या उन्हाळ्यात तो शंभर पीएसआयच्या (गेजवरचे दाबाचे एकक) आगेमागे असतो. एसी चालू केला की कॉम्प्रेसर एका बाजूने गॅस ओढतो, त्यामुळे त्या बाजूचा दाब तीस-चाळीसपर्यंत उतरतो आणि दुसऱ्या बाजूचा दोनशेच्या घरात चढतो. म्हणजे माझ्या गाडीचा सदतीसचा आकडा तब्येत ठीक असल्याचा होता. एक गाडी बंद, दुसरी चालू, एवढ्या फरकावर त्याने सगळा खेळ केला. त्यातून दाबावरून गॅस किती ग्रॅम आहे हे कळतच नाही, कारण नळ्यांत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीतला दाब तोच राहतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. ती बंदिस्त यंत्रणा आहे आणि गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणारच. गळती न शोधता जो नुसता गॅस भरून देतो, तो दोन-चार महिन्यांनी पुन्हा येणारे गिऱ्हाईक तयार करत असतो.

त्या दिवशी २,२०० रुपयांत ‘गॅस फुल’ झाला. नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला नाही, गॅस तोलायला वजनकाटा आणला नाही. लेबल नसलेला एक डबा आणला, तो उलटा धरला आणि इंजिन चालू असतानाच नळी जोडली. डबा उलटा धरला की द्रव गॅस थेट कॉम्प्रेसरकडे जातो, आणि वायू दाबण्यासाठी केलेले यंत्र द्रव दाबायला गेले की आतून मोडू शकते, हे मला नंतर कळले. नळी काढताना मदतनीस मुलाच्या बोटावर गॅसचा फवारा उडाला. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे अंगावर पडताच तो त्वचेतली उष्णता ओढून घेतो. मुलाच्या बोटाचे टोक मेणासारखे पांढरे पडले. त्याने ते तोंडात घातले आणि मालकाने “चल, पुढचं बघ” म्हटले. दोघांच्याही हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर चश्मा नव्हता; तोच फवारा डोळ्यात गेला असता तर काय झाले असते, हा विचार तेव्हा माझ्याही मनात आला नाही.

संध्याकाळी घरी येताना हवा गार वाटली, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोमट. पुन्हा गेलो, तेव्हा निदान बदलले होते: “कूलिंग कॉइल लीक आहे, गॅस त्यातूनच जातो.” केबिनची हवा जिच्यावरून जाऊन गार होते त्या कॉइलचे ९,५०० आणि नव्या गॅसचे २,०००. सकाळी दहाला गाडी दिली आणि दीड वाजता तयार झाल्याचा फोन आला. माझ्या गाडीसारख्या गाड्यांत कॉइल बदलायला पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यात जवळपास दिवस जातो, हे माहीत असते तर मी तिथेच थबकलो असतो. मला तेलाने माखलेली एक जुनी कॉइल दाखवली गेली आणि एसी खरोखरच बर्फासारखा गार लागत होता. मी समाधानाने पैसे दिले, यूपीआयने, एका वैयक्तिक नावावर. बिल मागितले तर डायरीच्या पानावर ‘कॉइल + गॅस’ एवढेच लिहून मिळाले.

मे महिन्यात सिग्नलला जास्त वेळ थांबले की कॉम्प्रेसर आपोआप बंद पडू लागला. उन्हाळा कडक आहे, असे म्हणून मी ते सोडून दिले.

खरा प्रकार उघड झाला जुलैत, नाशिकला जाताना कसारा घाटात. पाऊस आणि धुके दोन्ही होते. एसीची गार हवा काचेवर सोडली की काच इतकी थंड पडे की तिच्या बाहेरच्या बाजूला बाष्प धरे. एसी बंद केला की श्वासाच्या ओलाव्याने आतून काच धुरकट होई. अशा वेळी एसी चालू ठेवून तापमानाची कळ लाल खुणेकडे न्यायची असते: थंड कॉइल हवेतला ओलावा काढून घेते, मग तीच हवा हीटरवरून जाऊन कोरडी आणि कोमट होऊन काचेवर येते. मुंबईत हीटर लागतो तो एवढ्यासाठीच. मी कळ टोकापर्यंत फिरवली, पण ऊब अजिबात आली नाही. पुढच्या ट्रकचे मागचे दिवे दिसेनासे झाले आणि शेजारी बसलेली पत्नी रुमालाने काच पुसत राहिली. घाट कसा चढलो ते सांगवत नाही.

परत आल्यावर सहकाऱ्याच्या ओळखीने ठाण्याच्या एका जुन्या एसी मिस्त्रींकडे गाडी नेली. इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी बॉनेटखाली हातच घातला नाही, कारण हीटरमध्ये इंजिनाचेच कूलंट फिरते आणि गरम असताना ते दाबाखाली शंभर अंशांच्याही वर असू शकते. मग टॉर्च घेऊन त्यांनी मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या रबरी नळीकडे बोट दाखवले. ती नळी एका छोट्या सी-क्लॅम्पने करकचून आवळलेली होती.

तापमानाच्या कळीमागची केबल निसटल्यामुळे आतली हवेची झडप अर्धवट उघडी राहून थंड हवेत हीटरची गरम हवा मिसळत होती. झडप दुरुस्त करण्याऐवजी त्या गॅरेजवाल्याने हीटरचे पाणीच बंद केले होते, म्हणून कॉइल ‘बदलल्यावर’ गाडी गार झाली. कॉइल बदललेली नव्हतीच. तिच्या नळ्या जिथे जोडतात त्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये जाणारा गॅस नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) बोल्टवर सात वर्षांची धूळ तेलात घट्ट बसलेली होती आणि तिला पान्याचा ओरखडाही नव्हता. मिस्त्री म्हणाले, “एप्रिलमध्येच एसी चालू करून ही गॅसची जाड नळी हातात धरली असती, तर गार आणि ओली लागली असती. नळी गार आणि हवा कोमट, मग गॅसचा दोष कसा असेल?” तेवढा हात लावायला दहा सेकंदही लागले नसते.

नंतर त्यांनी बंद गाडीला गेज लावले. गाडी रात्रभर सावलीत उभी होती, तापमान २८ अंश होते. शुद्ध गॅस असता तर काटा ९० च्या आसपास हवा होता, तो १२५ दाखवत होता. म्हणजे आत हवा किंवा दुसरा एखादा वायू मिसळलेला होता. म्हणून तो गॅस स्वतःच्या यंत्रात न ओढता त्यांनी वेगळ्या, खूण केलेल्या सिलिंडरमध्ये काढून तोलला. तो भरला ५४० ग्रॅम, आणि बॉनेटखालच्या लेबलवर छापले होते ४०० ग्रॅम. सिग्नलला कॉम्प्रेसर का थांबत होता याचे उत्तर मिळाले: जादा गॅस आणि हवेमुळे दाब वाढला की सुरक्षेचा स्विच तो बंद करत होता.

भेसळीबाबत मात्र ते गंभीर झाले. स्वस्त गॅसच्या नावाखाली प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वलनशील वायू विकले जातात आणि कूलिंग कॉइल तर प्रवाशांच्या पुढ्यात, डॅशबोर्डच्या आत असते. गळती झाली की वायू सरळ केबिनमध्ये. न्हावा शेवा बंदरात रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरवर काम केल्यामुळे त्यांना २०११ सालच्या घटना आठवत होत्या. तेव्हा व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रीफर कंटेनरच्या यंत्रणांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते, आणि त्यामागे मिथिल क्लोराइडची भेसळ असलेला बनावट आर-१३४ए होता. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेट घेणारे संयुग तयार करतो. त्या लेबल नसलेल्या डब्याजवळ मी उभा होतो, आणि पलीकडे एक माणूस विडी ओढत होता.

नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती तपासली, ती कुठेच नव्हती. मग अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद केल्यावर काटा हलतो का ते पाहण्यासाठी आणखी वीस मिनिटे, आणि काट्यावर तोलून बरोबर ४०० ग्रॅम गॅस. हे सारे चश्मा आणि हातमोजे घालून. केबलची क्लिप ६० रुपयांची होती. बिलावर गॅसचा प्रकार, काढलेले वजन आणि भरलेले वजन तिन्ही लिहिले होते. आता कुठल्याही गॅरेजमध्ये नळी जोडण्याआधी मी हेच तीन आकडे बिलावर लिहिणार का, असे विचारतो. दोन ठिकाणी या प्रश्नावरच “दुसरीकडे बघा” असे उत्तर मिळाले, आणि मी दुसरीकडे पाहिले.

यूपीआयची नोंद, डायरीचे पान, ठाण्याचे बिल आणि बोल्टचे फोटो जोडून मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याआधी एकदा त्या गॅरेजमध्येही जाऊन आलो. क्लॅम्प टेबलावर ठेवला आणि काही बोललो नाही. मालकाने तो उचलून उलटसुलट पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब, गाडी गार तर झाली होती ना? आणि हा क्लॅम्प आमचा आहे, राहू द्या इथेच.” मी तो उचलला आणि खिशात टाकला.