बारा व्होल्टच्या जुन्या ड्रिलमध्ये लिथियम सेल: आठ महिने रोज वापरल्यावर

मी पडदे आणि ब्लाइंड्स बसवतो. कोल्हापूर आणि आसपास, महिन्याला वीस-पंचवीस घरं होतात. भिंतीला होल मारायला वायरचं हॅमर मशीन आणि ब्रॅकेटचे स्क्रू आवळायला बॅटरीचं छोटं ड्रिल. हे छोटं मशीन बारा व्होल्टचं, निकेल-कॅडमियम पॅकचं, नऊ वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेलं. गिअरबॉक्स अजून ठणठणीत, चक डुगडुगत नाही, क्लच नेमका सुटतो. बसल्या त्या फक्त बॅटऱ्या. शेवटी शेवटी अशी गत होती की सकाळी फुल चार्ज करून निघायचं आणि तिसऱ्या खिडकीला मशीन कण्हायला लागायचं. उरलेले स्क्रू हातानं, शिडीवर मान वर करून. तसला पॅक आता बाजारात मिळत नाही, आणि मिळालाच तर तोही कुठल्या तरी फळीवर चार वर्षं पडून असलेला.

गेल्या ऑगस्टमध्ये पावसामुळे कामं थंड होती, तेव्हा पॅक खोलला. आत १.२ व्होल्टचे दहा सेल, एकापुढे एक जोडलेले. रात्री चार्ज करून सकाळी एकेकावर मल्टिमीटर लावला. सात सेल १.२५ ते १.३ च्या मध्ये, दोन जवळजवळ शून्यावर, आणि एक भलताच. नुसता मोजला तर ठीक, पण ट्रिगर दाबला की मीटरवर उणे ०.३! तो बाकीच्यांच्या आधी रिकामा व्हायचा आणि मग बाकीचे सगळे मिळून त्याच्यातून उलटा करंट ढकलायचे. त्याच्या टोपीभोवती पांढरी भुकटी जमली होती, गळलेल्या इलेक्ट्रोलाइटची.

मग चार्जर खोलला आणि जरा खजील झालो. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक रेझिस्टर आणि लाल एलईडी. बस्स. बॅटरी भरली हे ओळखायची काहीही सोय नाही. वरच्या स्टिकरवर ‘५ तास’ असं छापलेलं होतं, आणि मी नऊ वर्षं रात्री झोपताना लावून सकाळी काढत आलो होतो. भरलेल्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये आणखी करंट घातला की त्याची फक्त उष्णता होते. सकाळी पॅक कोमट लागायचा आणि मला वाटायचं, वा, काय मस्त चार्ज झालाय.

लिथियम सेल घालायचं ठरवलं ते तेव्हा. दहा निकेल सेलच्या जागी तीन लिथियम. एकेकाचे साधारण ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, म्हणजे तिघांचे १२.६. जुन्या मोटरला हे सहज मानवतं.

पहिला प्रयत्न फुकटात केला, आणि तो फसला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० सेल काढले. (१८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हा आकडा.) क्षमता मोजणाऱ्या चार खणी चार्जरवर ते १९०० एमएएचच्या आसपास आले. मूळ २२०० चे असावेत, म्हणजे छानच की. पॅक बांधला, मशीनला लावला, मोकळं फिरवलं तर एकदम झकास. भिंतीच्या होलातल्या गिट्टीत स्क्रू टेकवला आणि मशीन बसलं.

इथं मला जे कळलं त्यासाठीच खरं तर हे एवढं लिहितोय. तो चार खणी टेस्टर सेल रिकामा करतो अर्ध्या ॲम्पिअरनं, सावकाश. म्हातारा माणूस बागेत तासभर चालतो, त्याच्या पाठीवर सिमेंटचं पोतं द्या मग बघा. स्क्रू आवळताना ड्रिल दहा ॲम्पिअर सहज ओढतं, अडकलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यामुळे सेलमध्ये माल किती आहे यापेक्षा तो किती झपाट्यानं बाहेर येतो हे बघायला हवं होतं. ते ठरतं सेलच्या आतल्या रोधावर.

त्यासाठी मी जी चाचणी करतो ती अगदी गावठी आहे. गॅरेजमधून गाडीचा जुना एच४ हेडलाइट बल्ब आणला, ६०/५५ वॉटचा. अप्पर-डिपर दोन्ही फिलामेंट एकत्र जोडली की बारा व्होल्टला साडेनऊ ॲम्पिअरच्या आसपास भार पडतो. बल्ब पातेल्यात उपडा ठेवायचा (तापतो भयंकर, आणि हिनं पाहिलं तर पातेलं परत मिळत नाही), मीटर पॅकच्या टोकांना लावायचा आणि बल्ब पेटवल्यावर व्होल्टेज कितीनं पडतंय ते बघायचं. लॅपटॉपच्या सेलचा पॅक १२.४ वरून थेट दहावर आला. तो फरक तीन सेलमध्ये वाटला तर प्रत्येकाचा रोध नव्वद मिलिओहमच्या घरात जातो. नंतर बांधलेला चांगला पॅक त्याच बल्बवर १२.४ वरून ११.६ वर थांबला. एक बल्ब आणि एक मीटर, आणि पॅक मशीनला लावायच्या आधीच निकाल कळतो. चार खणी चार्जरही रोध दाखवतो, पण सेल काढून तोच परत बसवला की आकडा बदलतो. स्प्रिंगच्या संपर्काचा रोधही तो त्यातच धरतो. त्याच्यावर जाऊ नका.

दुसरा धडा सेल विकत घेताना मिळाला. ऑनलाइन ‘९८०० एमएएच’ छापलेले चार सेल स्वस्तात मागवले होते. १८६५० आकारात खरीखुरी क्षमता साधारण साडेतीन हजारापर्यंतच जाते, हे तेव्हा माहीत नव्हतं. हातात घेतल्यावर हलके वाटले म्हणून गुजरीतल्या सराफ मित्राच्या काट्यावर ठेवले. एकतीस ग्रॅम. चांगला सेल पंचेचाळीसच्या आसपास भरतो. मित्र म्हणाला, “मर्दा, ह्यात खोट आहे हे मला सेलमधलं काही न कळताही सांगता येतंय.” टेस्टरवर क्षमता आली नऊशे. शेवटी पुण्याला कामानिमित्त गेलो तेव्हा तपकीर गल्लीतून सॅमसंगचे २५आर घेतले: २५०० एमएएच, पण वीस ॲम्पिअर सलग द्यायची ताकद. आधी तीनच घेतले, घरी आणून काट्यावर आणि टेस्टरवर बघितले, मग दुसऱ्या पॅकसाठी आणखी तीन मागवले. आकडा लहान, काम मोठं.

बीएमएस म्हणजे सेलचं रक्षण करणारी ती छोटी पट्टी. पहिली घेतली तिच्यावर वीस ॲम्पिअर लिहिलेलं. हेडलाइट लावला तर नुसता लुकलुकला आणि विझला! थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतं, आणि पट्टीला तो शॉर्ट वाटतो. मोटरचंही तेच. ट्रिगर हळू दाबला तर चालायचं, खसकन दाबला की बंद. चाळीस ॲम्पिअर लिहिलेली, बॅलन्सिंगवाली (सगळे सेल सारख्या व्होल्टेजला आणणारी) पट्टी घातल्यावर हे थांबलं. ती बिनबॅलन्सचीही मिळते, दिसायला जवळपास तशीच. वीस-तीस रुपये वाचवायला ती घेऊ नका.

जोडणीबद्दल थोडक्यात. सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका, उष्णतेनं आतलं सील आणि पडदे खराब होतात. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात स्पॉट वेल्डिंग करून घेतलं. दुसरं म्हणजे सेलच्या प्लस टोकाची कड हीच मायनस असते, मध्ये फक्त प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन. तिथे कागदी वॉशर घातल्याशिवाय सेल जोडणारी निकेलची पट्टी वेल्ड करू नका. माझ्याकडून एकदा चिमटा तिथे टेकला, ठिणगी उडाली आणि चिमट्याच्या टोकाला खळगा पडला. सेल वाचला, पण तो मी वापरला नाही.

आता चार्जर. कुणी फक्त सेल बदलून जुना चार्जर तसाच वापरत असेल तर आत्ता थांबवा. माझा जुना चार्जर बॅटरी न लावता मोजला तर अठरा व्होल्टच्या वर होता. लिथियमला आधी ठरावीक करंट आणि ४.२ ला पोचल्यावर ठरावीक व्होल्टेज असं चार्जिंग लागतं. बीएमएस अडवेल म्हणून तिच्यावर विसंबणं म्हणजे ब्रेक असताना गाडी भिंतीला टेकवून थांबवणं. मी पॅकचं चार्जिंग सॉकेटच बदललं, जुन्या चार्जरची पिन त्यात जातच नाही. घरात चार जण आहेत, कोण काय कशात खुपसेल याचा नेम नाही.

नवा चार्जर घरीच केला: लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर, पुढे व्होल्टेज उतरवणारं एक्सएल४०१५ चं मॉड्यूल, त्याच्या दोन स्क्रूंनी व्होल्टेज आणि करंट बांधलेले. करंट दीड ॲम्पिअर. आठवडाभर छान चाललं. मग एका रात्री लाइट गेली आणि मॉड्यूलवरचा एलईडी तरी चालूच! घरात अंधार, तो एक दिवा लुकलुकतोय. बॅटरी उलटी त्या मॉड्यूलला खाऊ घालत होती. बाहेर जाणाऱ्या तारेत एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाकला आणि व्होल्टेज डायोडच्या पुढच्या टोकाला मोजून १२.५ वर बांधलं. थोडी क्षमता सोडली, पण सेलवरचा ताण कमी झाला. पॅक दोन तासांत होतो, आणि चार्जिंगला लावून मी आता झोपत नाही.

आठ महिन्यांचा हिशेब असा. दोन पॅक, प्रत्येकाची साधारण नव्वद चार्जिंगं. सुरुवातीला क्षमता २४८० होती, गेल्या आठवड्यात २३९० आली. पूर्ण चार्जनंतर तीन सेलमधला फरक ०.०२ व्होल्टच्या आत. हेडलाइट चाचणीत १२.४ चे ११.५. एका पॅकवर दिवस निघतो, दुसरा बहुतेकदा पिशवीतून बाहेरच येत नाही. दोन्ही पॅक आणि चार्जर मिळून चार हजाराच्या आत गेले, पण त्यात फसलेली खरेदी धरलेली नाही. ती धरली तर खोक्यातलं नवं लिथियम मशीन आलं असतं, असं घरातून ऐकवलं गेलंय.

कुरकुरीही आहेत. जुना पॅक दमत दमत जायचा, आधी कळायचं. हा शेवटपर्यंत जोरात चालतो आणि अर्ध्या स्क्रूवर खटकन बंद. छोटा व्होल्टमीटर बसवला, तर तोच दिवसरात्र बॅटरी खायला लागला. आता मध्ये पुश बटण आहे. दुसरं, पॅकचं वजन निम्म्याहून कमी झालं आणि मशीनचा तोल गेला. पूर्वी शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं, आता नाकावर आपटतं. एकदा खालीच आलं, चकला ओरखडा आहे.

आणि पट्ट्या. पहिल्या पॅकच्या निकेल पट्ट्या मी घाईत कुठूनतरी घेतल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये सहज खोलून बघितलं तर कडांना तांबूस गंज. शुद्ध निकेल गंजत नाही, ते वर मुलामा दिलेलं पोलाद होतं. तसल्या पट्टीचा रोधही जास्त. उरलेला तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी पाणी चहासारखं. पॅक पुन्हा बांधला. आता पट्टी घेतली की आधी एक तुकडा मिठाच्या पाण्यात.

मार्चपासून पॅक गाडीच्या डिक्कीत ठेवणं बंद केलंय. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत हात घालवत नाही, तिथे सेलनं काय राहायचं. जुने निकेल-कॅडमियम सेल मात्र घंटागाडीत टाकले नाहीत, कॅडमियम विषारी आहे. टेप गुंडाळून ई-कचऱ्यात दिले.

परवा पडदेवाल्यांपैकीच एक दादा त्यांचा १४.४ व्होल्टचा पॅक घेऊन आले. म्हणाले, “तुझ्यासारखं करून दे, खर्च सांग.” खोलला. बारा सेल, त्यातले तीन शून्यावर. चार्जर कुठं असतो विचारलं तर म्हणाले, “कुठं म्हणजे? फ्रीजच्या शेजारी, कायम लावलेला. कधी लागेल सांगता येतं का?”