बी.टीएच.चा फायनल इयर प्रोजेक्ट, माझा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

बी.टीएच., म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी, झाली एकदाची. सेमिनरीचं नाव लिहीत नाही, पण ज्युनियर मुली प्रोजेक्टबद्दल सारखं विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

आपण जुना करार वेगळा, ग्रीक वेगळं, चर्च हिस्टरी वेगळी असं शिकतो आणि पेपर झाला की विसरतो. प्रोजेक्टमध्ये एकच विषय धरून त्याला हे सगळं लावावं लागतं. मी मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक घेतले, ते ख्रिस्ताला 'माउली' म्हणतात ना, तेच. आमच्या नगरकडे त्यांची भजनं लहानपणापासून कानावर पडलेली, वाटलं सोपं जाईल, तर पहिल्याच मीटिंगला गाइड सरांनी विचारलं, ही नुसती उपमा आहे की सिद्धांत? मी गप्प.

मग शोधत बसले. बायबलात यशया 66:13 मध्ये देव आईसारखं सांत्वन करीन म्हणतो, लूक 13:34 मध्ये येशू पिल्लांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीचं बोलतो. वारकरी ज्ञानोबांना माउली म्हणतात, आणि 1895 ला बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तोच शब्द ख्रिस्ताला दिला. पण मग ख्रिस्त नुसता मायाळू गुरू होऊन बसत नाही ना, हे बघताना इ.स. 451 ची कॅल्सिडन ही चर्चची परिषद उपयोगी पडली, तिने ठरवलेलं ख्रिस्त म्हणजे पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, जे मी परीक्षेपुरतं घोकलं होतं.

फील्डवर्क मात्र सगळ्यात भारी. गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भजनानंतर एक आजी म्हणाल्या, "बाप म्हटलं की मला माझा बाप दिसतो गं, पिऊन मारायचा. माउली म्हटलं की प्रार्थना करता येते." घरी येऊन मी तिसरं प्रकरण पूर्ण नव्याने लिहिलं, पिता हा शब्द न सोडता त्या आजींना काय सांगायचं यावर. ते उत्तर अजूनही मला अपुरंच वाटतं.

एक स्टार कापला कारण सगळं इंग्रजीत लिहायची सक्ती. माउलीचं 'मदर' केलं की निम्मा अर्थ तिथेच जातो आणि मग तळटीपा देत बसा. शिवाय लायब्ररीतलं जुन्या मराठी पुस्तकांचं कपाट कायम कुलूपबंद, दोन आठवडे चावीसाठी फिरले.

ज्युनियर्सनो, फील्डवर्क पहिल्या टर्मलाच उरका आणि लोकांशी उपासनेनंतर लगेच बोलायला जाऊ नका, सगळ्यांना घरी जायची घाई असते. संध्याकाळी घरी जा, चहा घ्या, मग लोक मोकळे बोलतात.