समाजशास्त्रात एम.ए.: पुणे, इग्नू की घराजवळचं कॉलेज?

घरून पैसे बेताचेच येणार असतील, तर एम.ए.ला प्रवेश घेताना नुसते फीचे तक्ते बघून ठरवू नका. सरकारी आणि अनुदानित संस्थांत समाजशास्त्राची फी तशीही कमीच असते. ना प्रयोगशाळा, ना यंत्रं. खासगी विद्यापीठांत हाच विषय वर्षाला लाखांत जातो, तो पर्याय इथे धरलेला नाही. बाकी ठिकाणी खिसा रिकामा करते ती कॉट, म्हणजे चौघांच्या खोलीतली भाड्याची एक खाट, आणि मेस.

आधी पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शर्मिला रेगेंसारख्या अभ्यासकांनी शिकवलं, जयकर ग्रंथालय हाताशी आहे, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. पण शहरात कॉट बेसिसवर राहून दोन वेळची मेस लावली, की सटरफटर धरून महिन्याला नऊ हजार कुठेच गेले नाहीत. वर्षाचे दहा महिने धरले तरी दोन वर्षांचे १ लाख ८० हजार, आणि खोलीचं डिपॉझिट वेगळं. वसतिगृह मिळालं तर हा आकडा बराच खाली येतो. यादी लागेपर्यंत मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून पथारी टाकणारे दर वर्षी असतातच. तेही हिशेबात धरा. विद्यापीठातच थोडं काम देणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेतून मेसचा काही भाग सुटतो. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, हा मोठाच आधार. मात्र शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येतील या भरवशावर खोली घेऊ नका; पहिले काही महिने उसनवारीवर काढायची तयारी हवी. आणि हो, २०२४ मध्ये मुलींना जी शंभर टक्के शुल्कमाफी जाहीर झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एम.ए. त्यात येत नाही.

इग्नूत, म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, दोन्ही वर्षांची फी मिळून वीस हजारांच्या आत बसते. परीक्षा फी दर पेपरला निराळी. पुस्तकं त्यांच्याच ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत रेंगाळला तरी चालतो, म्हणून नोकरी करणाऱ्याला हाच सोयीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्यता असल्याने ही पदवी नेट-सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांना चालते. अडचण माध्यमाची: इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. शिवाय असाइनमेंट वेळेत टाकायला मागे लागणारं कोणी नसतं. प्रवेश घेऊन पहिल्याच वर्षी सोडून देणारे कमी नाहीत, आणि अर्धवट सोडलेली स्वस्त पदवी शेवटी महागच.

तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात फी थोडी, जेवण घरचं, आणि एसटीच्या विद्यार्थी पासला भाड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा भरायचा. पैशाच्या बाबतीत याला तोड नाही. पण प्रवेश घेण्याआधी एकदा जाऊन बघा: पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि तास तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या, एकाच माणसावर ढकललेत का. ग्रंथालयात गाइडं सोडून दुसरं काही दिसलं नाही, तर बस पकडून परत या.

माझं मत विचाराल तर: वसतिगृह किंवा स्वाधार नक्की असेल तर पुणे, नोकरी असेल तर इग्नू, दोन्ही नसेल तर घराजवळचं बरं कॉलेज. कर्ज काढून पुण्यात राहायला मी तरी सांगणार नाही.

दिल्लीचं जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. २०१९ मध्ये तिथलं आंदोलन पेटलं ते वसतिगृहातल्या एकट्याच्या खोलीचं भाडं महिना २० रुपयांवरून ६०० करण्याच्या प्रस्तावावरून. ते ६०० धरले तरी पुण्यातल्या कॉटपुढे किरकोळच. इंग्रजीत लिहायची तयारी असेल तर सीयूईटी-पीजी ही तिथली प्रवेश परीक्षा देऊन बघा. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, म्हणजे बी.ए.चं शेवटचं वर्ष चालू असतानाच.