लाइनमधली एअर की खराब नोझल?

मेकॅनिकल पंपाची जुनी डिझेल पिकअप चढाला ओढत नसेल आणि मिसिंग मारत असेल (एखादा सिलिंडर मध्येच पेटत नसेल), तर पंप उतरवण्याआधी या दोन दोषांत फरक करा: डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली एअर, म्हणजे हवा, आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल खराब होणं.

एअर धरलेली गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी लवकर चालू होत नाही. डिझेल टाकीकडे परत उतरलेलं असतं. चालू झालीच तर आरपीएम वरखाली होतो. डिझेल फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावा. बुडबुडे धावताना दिसले की चोर सापडला: तडकलेली रबरी नळी, सैल क्लॅम्प किंवा बंजो बोल्टचा (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) दबलेला वॉशर. तो बदला, फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) सैल करून फेस थांबेपर्यंत हँड प्रायमर (डिझेल ओढणारा हातपंप) मारा. खर्च किरकोळ.

नोझल गळत असेल तर काळा धूर आणि ठकठक, तीही ठरावीक सिलिंडरची. आयडलला (रेस न देता इंजिन चालू ठेवून) एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. आवाज बदलला नाही, तो सिलिंडर मुळातच काम करत नाही. मात्र आधी एअर फिल्टर बघा, तो चोंदला तरी धूर काळाच. नोझल टेस्टरवर दाब आणि फवारा तपासून घ्या, बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घाला. फवाऱ्यासमोर हात कधीही नको, डिझेल कातडीत घुसतं. आणि कॉमन रेल इंजिनवर (ज्यात सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं) नट सैल करायचाच नाही.

आमचं मत: आधी नळी आणि फिल्टर, मगच नोझल.